केसपेपरवर मराठीत लिहिणाऱ्या रोहिणीस

रोहिणी,

तुझ्या शोकसभेत आपल्या हॉस्पिटलचे मोठे सर म्हणाले, नियतीपुढं कुणाचं चालत नाही. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता. ओळखपत्रावरचाच मोठा करून आणला होता, त्यामुळं तू जरा घाबरल्यासारखी दिसत होतीस. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि तो नियती शब्द काही केल्या माझ्या घशाखाली उतरत नव्हता. तुझी त्या आठवड्याची ड्यूटी ज्यांनी लावली, त्यांनी नियतीचं नाव घेऊ नये. हे मी तिथंच उठून बोलले. काय बोलले ते पुढं सांगते. आधी आपल्या दोघींचं सांगू दे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "ताई, आधी हिस्ट्री घ्या, मग डायग्नोसिस."

तू शिरूरच्या त्या खासगी हॉस्पिटलात निवासी डॉक्टर, आरएमओ म्हणून आलीस, तेव्हा मला आयसीयूची इनचार्ज सिस्टर होऊन सहा वर्षं झाली होती. नवी एमबीबीएस पोरं येतात, पुढच्या परीक्षेचा अभ्यास करत वर्षभर वॉर्ड सांभाळतात आणि जातात. त्यांची नावं पाठ करायचा मला कंटाळा. तुझं नाव पहिल्याच दिवशी पाठ झालं, कारण तू माझ्याशी भांडलीस. मी एका म्हाताऱ्याला "ए बाबा, हात सरळ ठेव" म्हणाले. तू मला कोपऱ्यात घेऊन म्हणालीस, "ताई, माझ्या आज्याला कुणी असं बोललेलं मला चाललं नसतं." पंचवीस वर्षांची पोरगी, आणि मला शिकवते. दिवसभर मी तुझ्याशी कामापुरतंच बोलले. दुसऱ्या दिवशी मात्र त्या म्हाताऱ्याला आपसूक "आबा" म्हणून गेले. तू ऐकलंस, आणि न ऐकल्यासारखं केलंस. तेव्हापासून तू मला आवडायला लागलीस. हे तुला कधी सांगितलं नाही.

तुझी वस्ती न्हावऱ्याच्या अलीकडं, माझं घर केडगावला. रस्ता एकच. ड्यूटी जुळली की मी तुझ्या स्कूटरवर मागं बसायची आणि न्हावऱ्याला उतरून चौफुल्याची एसटी धरायची. वॉर्डात मी तुला डॉक्टर म्हणायची, स्कूटरवर रोहिणी. तुझा आजा मेंढरं घेऊन चार-चार महिने बाहेर असायचा, तुझ्या वडलांनी, आप्पांनी, मेंढरांमागची काठी ठेवून शेती धरली, ऊस लावला, गाई घेतल्या, आणि तू भावकीतली पहिली डॉक्टर. हे सगळं मला त्या रस्त्यावरच कळलं. खरं सांगू का, मी तुला इतकं बोलतं ठेवायची ते गप्पांच्या हौसेनं नव्हे. चालत्या स्कूटरवर तुझी मान एकदा पुढं झुकलेली मी मागून पाहिली होती. त्या दिवसानंतर मी मागं बसले की तुला गप्प बसू द्यायची नाही.

आपलं खरं भांडण सुरू झालं ते बुद्धपौर्णिमेला. खीर खायला तुला दौंडला माझ्या माहेरी नेलं होतं. माझे वडील, आमचे दादा, रेल्वेत गँगमन होते. त्यांनी तुला विचारलं, डाक्टरीनबाई, पाळी किती तासांची? तू हसून म्हणालीस, चोवीस, कधी छत्तीस. दादांनी वाटी खाली ठेवली.

"इंजिनाचा ड्रायव्हर दौंडला उतरला की त्याला रनिंग रूममधी झोपवत्यात," ते म्हणाले. "ठरलेले तास झाले की त्याला इंजिनावर ठिवत न्हाईत. त्याच्यावर माया हाय म्हणून न्हाई. मागं डब्यात माणसं हायत म्हणून."

"दादा, माझ्यामागं कुठं डबे आहेत?"

"खाटा हायत की."

तू तरी ऐकतेस होय. म्हणालीस, "माझा आजा मेंढी व्यायला लागली की दोन-दोन दिवस तिच्यापाशी बसायचा."

"मेंढी एक, आजा एक. तुझ्याकडं किती?"

"बावीस," तू म्हणालीस. दादांनी भिंतीवरच्या तसबिरीकडं बघितलं आणि म्हणाले, "आठ तासांची पाळी आमाला कुणी भीक म्हणून दिली न्हाई, बाई. त्यासाठी एक माणूस भांडला तवा मिळाली."

परतताना तू स्कूटर हळू चालवत होतीस. "दादांचं पटतं ताई. पण मी उठले तर त्या बावीस जणांना कोण बघणार?"

"ते सरांनी बघायचं."

"सर बघत नाहीत, म्हणून मी बघते."

"तू बघतेस, म्हणून सर बघत नाहीत."

आपला हा वाद तिथंच राहिलाय, पाटसच्या पुढं कुठंतरी.

मग तो दिवस. सकाळचे अकरा वाजले होते, खिडक्यांतून ऊन आत आलं होतं, वॉर्ड पुसून स्वच्छ होता. भीतीचं काहीच चिन्ह नव्हतं. तू आदल्या दिवशी सकाळी आठला आलेली. चार नंबरच्या खाटेवर कोंडाबाई होत्या, न्हावऱ्याच्याच, फुप्फुसाला सूज आलेली. त्यांना शुगर नव्हती. शुगर पाच नंबरच्या बाईंना होती. तू राऊंड घेतलास, पाच नंबरला तपासलंस आणि त्यांचं इन्सुलिन चार नंबरच्या केसपेपरवर लिहिलंस. मी ते वाचलं आणि दिलं. या बाईला शुगर कधीपासून, एवढं विचारायला मला दोन क्षण लागले असते. मी विचारलं नाही. ही चूक तुझ्या एकटीची कधीच नव्हती, पण तू असताना मी हे तोंडानं बोलले नाही. म्हणून आता लिहिते आहे.

तासाभरात कोंडाबाईंना दरदरून घाम सुटला. त्या भलतंच बोलायला लागल्या, मला आपली मेलेली जाऊ समजल्या. तू धावत आलीस, बोटाला सुई टोचून साखर बघितलीस, आणि तुझ्या तोंडाचा रंग उडाला. ग्लुकोज चढवताना तुझा हात थरथरत नव्हता, हे मी आजही सांगेन. पंधरा मिनिटांनी कोंडाबाईंनी डोळे नीट उघडले आणि पाणी मागितलं. तू खाली बसलीस. खुर्चीवर नाही, फरशीवर, खाटेला टेकून.

मी तुला औषधांच्या खोलीत नेलं. म्हणाले, "साखर कमी झाली, उपचार दिला, एवढंच लिही. बाकी मी बघते."

"कारण?"

"कारण कोण विचारतंय? बाई बरी आहे. नोकरी जाईल तुझी. पुढचं शिक्षण अडेल."

"कारण लिहिलं नाही तर उद्या परत होईल, ताई."

मी वयानं मोठी, म्हणून हात धरून थांबवायला गेले. तू हात सोडवून घेतलास. केसपेपरवर आपण सगळे इंग्रजीत लिहितो. तू मराठीत लिहिलंस, शाळेतल्या मुलीसारखं गोल अक्षर काढून. 'शेजारच्या रुग्णाचे इन्सुलिन माझ्याकडून या रुग्णाच्या कागदावर लिहिले गेले. त्यामुळे साखर कमी झाली. लिहिताना मी सलग सत्तावीस तास ड्यूटीवर होते.' खाली सही, तारीख, वेळ. मी विचारलं, मराठीत कशाला? म्हणालीस, "त्यांच्या घरच्यांना वाचता यावं म्हणून."

आणि तू बाहेर जाऊन कोंडाबाईंच्या मुलाला स्वतः सांगितलंस. भानुदास, कंपनीत कामाला, अंगानं दांडगा. त्यानं तुझ्यापुढं दोन पावलं टाकली तेव्हा मी मध्ये आले. "माझी आई मेली असती," तो ओरडला. तू "हो" म्हणालीस. सबब सांगितली नाहीस, हात जोडले नाहीस, नुसती हो म्हणालीस. मागून खाटेवरून कोंडाबाईंचा बारीक आवाज आला, "भान्या, इचार तिला, कवापास्न जागी हाय ती?"

भानुदासनं विचारलं नाही. तू दिलेला तो कागद त्यानं दोनदा वाचला आणि परत दिला. मग आईच्या पायाशी जाऊन बसला.

संध्याकाळी मोठ्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कोंडाबाईंच्या केसपेपरचं नवीन पान होतं, इंग्रजीत, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. साखर कमी झाली, उपचार दिला. बरोबर मीच सुचवलं होतं तेवढं. सर म्हणाले, सिस्टर, ती लहान आहे, भावनेच्या भरात लिहून बसली, तिच्याच भल्यासाठी हे करतोय. मला माझ्या बारावीतल्या मुलीची फी आठवली, केडगावच्या घराचा हप्ता आठवला. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी तू फाइल उघडलीस. ते पान वाचलंस, खालची माझी सही बघितलीस, फाइल मिटलीस आणि मला विचारलंस, "ताई, सात नंबरचं सलाइन बदललं का?" त्यानंतरचे तीन आठवडे तू माझ्याशी पहिल्यासारखीच वागलीस. डब्यातली चटणी दिलीस, स्कूटरवर घेतलंस. पण एक फरक होता. तू आता थकव्याबद्दल उघड बोलायला लागली होतीस. सरांना दोन पत्रं दिलीस, बारा तासांच्या वर आरएमओ ठेवू नका म्हणून. दुसऱ्या पत्रावर मला सही मागितली नाहीस. मागितली असतीस तर, असं मी रोज म्हणते. मागितली असतीस तरी मी केली नसती, हे तुला माहीत होतं. नाही म्हणण्याच्या लाजेतून तू मला वाचवलंस. तुझं हे एक देणं मला सहन होत नाही.

त्या मंगळवारी माझी सुट्टी होती. दुपारी दोनच्या सुमारास तुझा फोन आला. दुसऱ्या आरएमओची परीक्षा होती म्हणून तुला थांबवून घेतलं होतं, तीस तास झाले होते, आता निघतेय म्हणालीस.

"तिथंच तासभर आडवी हो आणि मग नीघ," मी म्हणाले.

"कुठं? आमच्या खोलीत सलाइनचे खोके लावलेत. स्टोअर केलंय तिचं."

"मग एसटीनं जा."

"एसटीत झोपले तर थेट चौफुल्याला पोचेन," म्हणून तू हसलीस. "जाते ताई. आज तुम्ही नाही मागं, गाणं म्हणत जाते."

कालव्याच्या अलीकडं रस्ता डावीकडं वळतो. तू वळली नाहीस. शेजारच्या रानात कांदा खुरपणाऱ्या बाईनं बघितलं. ती नंतर मला म्हणाली, "पोरगी सरळ आली. ब्रेक न्हाई, हारन न्हाई. रस्त्यावर दुसरं काईच नव्हतं. बाभळीवर गेली." डोक्यावर हेल्मेट होतं, रस्ता कोरडा होता, समोरून वाहन नव्हतं. मी हे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण तुझ्या हेल्मेटबद्दल, रस्त्याच्या खड्ड्याबद्दल, आजकालच्या पोरींच्या स्पीडबद्दल मी गेल्या तीन महिन्यांत पुष्कळ ऐकलंय. तुझ्या झोपेबद्दल कुणी बोललं नाही.

म्हणून शोकसभेत उठले. म्हणाले, "रोहिणी डॉक्टर तीस तास ड्यूटी करून निघाली होती. ती गाडीवर झोपली. तीन आठवड्यांपूर्वी ती वॉर्डात जागेपणीच झोपली होती, आणि एक बाई मरता मरता वाचली. तिनं ते खरं लिहिलं. ते पान इथं काढून टाकलं, आणि नव्या पानावर मी सही केली. मी खोटी सही केली."

सर म्हणाले, सिस्टर भावनाविवश झाल्यात, त्यांना पाणी द्या. कुणीतरी ग्लास आणला. मी घेतला नाही. तुझे आप्पा पहिल्या रांगेत होते, टोपी मांडीवर ठेवून. त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस मला विचारणार, तू तवा का गप होतीस. त्यांनी विचारलं नाही. त्यांचं ते न विचारणं मला विचारण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी मला गेटवरच सांगितलं, चौकशी होईपर्यंत येऊ नका. चौकशी माझी, बरं का. तुझ्या तासांची नाही. पुरावा काय म्हणे. जुनं पान कुठंच नाही, आणि नव्या पानावर सही खुद्द माझी. घरी बसून मी चार दिवस भिंतीकडं बघत होते. पाचव्या दिवशी दारात भानुदास उभा. त्यानं मोबाइल पुढं केला. तुझ्या गोल अक्षरातलं ते पान, सहीसकट, वेळेसकट. त्या दिवशी कागद दुसऱ्यांदा वाचताना त्यानं फोटो काढला होता.

"तिच्यावर केस करायची म्हणून काढला व्हता," तो म्हणाला. "मग आईनं करू दिली न्हाई. लपवायचं असतं तर तिनं मराठीत लिव्हलं नसतं, म्हणली."

तो फोटो आणि माझा जबाब आम्ही दोघांनी मिळून वर, जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात दिला. तिथल्या साहेबांनी मला विचारलं, "बाई, सही तुमचीच ना? मग खोटं तेव्हा बोललात की आता?" मी म्हणाले, तेव्हा. तसंच लिहा, माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होऊ द्या. घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, फीचं बघू." एवढंच. तुम्ही आजकालच्या पोरी अशाच आहात का गं सगळ्या? मग आम्ही कुणाला इतकं भीत होतो?

मागं राहिलेल्या तिघा आरएमओंनीही पत्र दिलं. बारा तासांच्या पुढं कुणी थांबणार नाही, काढायचं असेल तर तिघांना एकदम काढा. परीक्षेवाला मुलगा त्यात पहिला होता. त्याची तर झोपच उडाली आहे, पण त्याला सांगितलंय मी, तुझा दोष नाही. फोटो बाहेर आल्यावर हॉस्पिटलनं आणखी दोन डॉक्टर घेतले आणि भिंतीवर बारा तासांचं वेळापत्रक लावलं. लगेच हुरळून जाऊ नकोस. वेळापत्रक कागदावर आहे, आणि त्या इमारतीत कागद कसे बदलतात हे आपण दोघींनी पाहिलंय.

लोक मला म्हणतात, आता पुरे, पोरीच्या आत्म्याला शांती मिळू दे. मला तुझ्यासाठी शांती नको आहे, रोहिणी. तू मला झोप पुरी झालेली हवी होतीस, खुर्चीत पाय वर घेऊन, माझ्याशी आवाज चढवून भांडणारी हवी होतीस. पाटसच्या पुढचा तो वाद तू जिंकलीस की मी, ते ठरायला हवं होतं. तू बघतेस म्हणून सर बघत नाहीत, असं मी म्हणाले होते. वाक्य बरोबर होतं, पण ते मी तुला ऐकवलं. सरांना ऐकवायची माझी छाती नव्हती. मी शिकावं म्हणून तुला जावं लागलं, याचा मला राग आहे. तो मी शांत होऊ देणार नाही.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलचे दोघेजण तुमच्या वस्तीवर आले होते. मी तिथंच होते, तुझ्या आईबरोबर शेंगा फोडत. ते म्हणाले, नव्या आयसीयूला डॉक्टर रोहिणीचं नाव द्यायचं ठरलंय, उद्घाटनाला आप्पांनी यावं. आप्पा गाईला पेंड घालत होते. बादली ठेवून आले.

"पाटी नको," ते म्हणाले. "माझ्या पोरीच्या जागी आता जी पोर हाय, ती किती वाजता घरी जाती?"

त्यांना सांगता आलं नाही. माहिती घेऊन कळवतो, म्हणाले.

"तुमी नका कळवू. मीच येऊन इचारतो."

आणि आप्पा जातात, रोहिणी. दर सोमवारी दुपारच्या एसटीनं. मी केडगावहून येते, न्हावऱ्याला ते चढतात, आम्ही शिरूरला उतरून चालत जातो. पहिल्या सोमवारी वॉचमननं अडवलं. आप्पा म्हणाले, पेशंटला भेटायला आलोय. कुठला पेशंट? "आत जेवढे हायत तेवढे." वॉचमन मराठवाड्यातला साधा पोरगा, त्यानं दार सोडलं. आप्पा काउंटरवर जातात, टोपी काढत नाहीत, आवाज वाढवत नाहीत. विचारतात, आज वर डाक्टर कोण, आन् कवापास्न हायत? काउंटरवरची मुलगी पहिल्यांदा सरांना फोन लावायची. आता रजिस्टर बघून सांगते. बाकावर बसलेले पेशंटचे नातेवाईक हे ऐकतात. मागच्या खेपेला आमच्याआधीच एक बाई काउंटरवर तेच विचारत होती. आम्ही तिला ओळखत नव्हतो.

परवाच्या सोमवारी मुलगी रजिस्टर उघडणार, एवढ्यात जिन्यावरून एक डॉक्टर उतरली. तुझ्याच वयाची, गळ्यात स्टेथो, हातात चहाचा कप. तिनं आप्पांना ओळखलं असावं. जवळ येऊन म्हणाली, "मीच आहे, मामा. सकाळी आठपासून. रात्री आठला सुटणार."

आप्पांनी तिच्या डोळ्यांकडं नीट बघितलं, बाजारात गाय बघतात तसं, अगदी जवळून.

"आठला म्हंजी आठला," ते म्हणाले.